नोटीस पिरियडमधील आजारपण आणि अडकलेले कमिशन : हिशेब कसा मांडावा

विक्रीच्या नोकरीतील माणसाचा राजीनामा इतरांच्या राजीनाम्याइतका सरळ नसतो. कार्यालयातील कारकुनाचे काम आणि पगार एकाच महिन्यात बसतात, त्यामुळे त्याचा हिशेब शेवटच्या तारखेला मिटतो; विक्री प्रतिनिधीचे काम मात्र आज होते आणि त्याचा मोबदला तीन-चार महिन्यांनी हाती पडतो. त्यात नोटीस पिरियडमध्ये आजारपण आले, की बिनपगारी दिवस, नोटिशीचे राहिलेले दिवस आणि थकलेले कमिशन यांची अशी सरमिसळ होते की अंतिम हिशेबाचा कागद पाहून नेमके काय कापले गेले हेच उमगत नाही. तुर्भे येथे इतर कंपन्यांची पगारपत्रके तयार करून देणाऱ्या एका कार्यालयात मी चौदा वर्षे काम केले. घोडबंदर रस्त्यावरील गृहप्रकल्प, महापे आणि वागळे इस्टेटमधील वितरक, विमा आणि कर्जे विकणाऱ्या संस्था अशा अनेकांचे अंतिम हिशेब माझ्या टेबलावरून गेले आहेत. त्यावरून माझे ठाम मत झाले आहे, की आजारपणाच्या दिवसांची कपात आणि थकलेले कमिशन या दोन्ही रकमांचा निकाल वाद सुरू होतो त्या दिवशी लागत नाही. आधी लिहिलेल्या, किंवा लिहायच्या राहून गेलेल्या, कागदांवर तो बहुधा लागून गेलेला असतो. म्हणून या कामाची सुरुवात राजीनामा देण्याच्या आधीच्या आठवड्यातच करावी.

राजीनाम्याच्या आधीचा आठवडा

सर्वप्रथम तीन कागद समोर घ्यावेत : नेमणूकपत्र, कंपनीचे रजाविषयक धोरण आणि चालू वर्षाची कमिशन किंवा इन्सेन्टिव्ह योजना. राजीनामा नोंदवल्याबरोबर अनेक कंपन्यांत कर्मचाऱ्याच्या पोर्टलवरील बरेचसे भाग बंद होतात आणि मग स्वतःला लागू असलेले धोरण पाहण्यासाठीही एचआरकडे विनंती करावी लागते. हे कागद निवांत वाचण्याची वेळ आधीच साधावी.

वाचताना तीन वाक्ये शोधावीत. नोटीस किती दिवसांची आहे एवढे पाहून थांबू नये; ती साध्या दिनदर्शिकेप्रमाणे मोजायची आहे की ‘प्रत्यक्ष कामाचे दिवस’ असा शब्दप्रयोग आहे, हे पाहावे, कारण पुढे आजारपणाच्या दिवसांचे काय होणार हे या दोन-तीन शब्दांवर ठरते. दुसरे वाक्य नोटीस काळातील रजेविषयीचे. ‘नोटीस काळात रजा मिळणार नाही’ आणि ‘नोटीस काळात रजा घेतल्यास तेवढ्या दिवसांनी नोटीस वाढेल’ ही दोन वाक्ये वरवर सारखी वाटली, तरी त्यांचे परिणाम अगदी वेगळे आहेत. तिसरे वाक्य इन्सेन्टिव्ह योजनेत, बहुधा शेवटच्या पानावर असते : कमिशन मिळण्यासाठी विक्री पूर्ण होणे पुरेसे आहे, की रक्कम अदा होण्याच्या दिवशी कर्मचारी कंपनीच्या पटावर असला पाहिजे, की तो नोटीस काळातही नसला पाहिजे?

या तिन्ही वाक्यांची उत्तरे मिळाल्यावर राजीनाम्याची तारीख ठरवावी. तिमाहीचे कमिशन जुलैच्या दहा तारखेला मिळणार असेल आणि योजनेत ‘नोटीस काळात अपात्र’ अशी स्पष्ट अट असेल, तर जूनच्या वीस तारखेला राजीनामा देणे म्हणजे स्वतःच्या हाताने पैसे सोडून देणे होय. नव्या कंपनीला तीन आठवडे थांबण्याची विनंती केली, तर ती बहुधा मान्य होते. निदान विचारून पाहण्यात काही जात नाही.

याच आठवड्यात स्वतःच्या विक्रीची एक नोंदवही तयार करावी. प्रत्येक व्यवहारासाठी बुकिंग किंवा ऑर्डरचा क्रमांक, तारीख, व्यवहाराची किंमत, आजची अवस्था आणि योजनेप्रमाणे अपेक्षित कमिशन एवढे लिहिणे पुरेसे आहे. ग्राहकांची नावे, फोन नंबर किंवा कागदपत्रे स्वतःच्या ई-मेलवर पाठवू नयेत. तो कंपनीच्या गोपनीयतेचा आणि ग्राहकांच्या वैयक्तिक माहितीचा भंग ठरतो, आणि अशा एका चुकीचे निमित्त करून संपूर्ण कमिशन रोखून धरलेले मी पाहिले आहे. क्रमांकावरून कंपनीला व्यवहार सापडतोच. आपल्याला क्रमांकाहून अधिक काही लागत नाही.

आजारी पडल्यावर पहिल्या दिवशी काय करावे

ठाणे-नवी मुंबईच्या पट्ट्यात जुलै ते ऑक्टोबर हे डेंग्यू, मलेरिया आणि लेप्टोचे महिने आहेत, आणि नोटीस पिरियड साठ किंवा नव्वद दिवसांचा असेल तर तो यांपैकी कोणत्या ना कोणत्या महिन्यात सापडण्याची शक्यता बरीच असते. अडचण अशी, की राजीनामा दिलेला माणूस आजारी पडला की ‘नव्या नोकरीच्या तयारीसाठी दांडी मारली’ असा संशय आधी घेतला जातो. हा संशय अन्यायकारक आहे. परंतु तो गृहीत धरूनच वागावे लागते, आणि त्यावर तारखांसहित कागदाइतका चांगला उपाय नाही.

आजारी पडल्याच्या दिवशी, कामाची वेळ सुरू होण्यापूर्वी किंवा निदान दुपारपर्यंत, वरिष्ठांना आणि एचआरला एकाच वेळी ई-मेल करावा. फोन आणि व्हॉट्सअ‍ॅप अवश्य करावेत, पण केवळ त्यांवर विसंबू नये. मजकूर लांबलचक नसावा. ‘काल रात्रीपासून मला ताप आहे. आज डॉक्टरांना दाखवून प्रमाणपत्र पाठवतो. आजपासून आजारपणाची रजा धरावी. माझी सिक लीव्ह चार दिवस आणि कॅज्युअल लीव्ह दोन दिवस शिल्लक आहे. ती आधी वापरावी. आज ठरलेल्या दोन ग्राहकांच्या भेटी कोण पाहणार हे कळवल्यास मी त्यांना फोनवर माहिती देईन.’ एवढे लिहिले की रजेची विनंती, शिल्लक रजेचा उल्लेख आणि काम सोडून न दिल्याचा पुरावा या तिन्ही गोष्टी एका कागदावर येतात.

डॉक्टरांच्या प्रमाणपत्रावर तपासणीची तारीख, विश्रांतीचा कालावधी ‘या दिवसापासून या दिवसापर्यंत’ असा स्पष्ट, आणि डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक असावा. विश्रांती वाढवायची झाल्यास नवे प्रमाणपत्र घ्यावे. बरे झाल्यावर मागची तारीख टाकून घेतलेले प्रमाणपत्र कधीही देऊ नये. ते उघडकीस आले तर खरे आजारपणसुद्धा खोटे ठरते. रक्ततपासणीच्या अहवालाची आणि औषधांच्या बिलाची प्रत स्वतःजवळ ठेवावी; मागणी झाल्याशिवाय सगळे अहवाल पाठवण्याची गरज नाही. कामावर परतताना तंदुरुस्तीचे प्रमाणपत्र द्यावे आणि परतल्याचे त्याच ई-मेलच्या उत्तरात नोंदवावे, म्हणजे पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंतचा सगळा क्रम एकाच साखळीत राहतो.

रजेचा हक्क कोठून येतो

महाराष्ट्रातील दुकाने व आस्थापनांचा २०१७ चा कायदा वाचणाऱ्याला एका गोष्टीचे आश्चर्य वाटते : त्यात ‘आजारपणाची रजा’ असा वेगळा प्रकारच नाही. या कायद्याने वर्षाला आठ दिवसांची भरपगारी नैमित्तिक रजा (कॅज्युअल लीव्ह) दिली आहे; ती तीन-तीन महिन्यांनी खात्यावर जमा होते आणि वापरली नाही तर वर्षअखेरीस संपते. याशिवाय वर्षात २४० दिवस काम केलेल्या कामगाराला दर वीस दिवसांच्या कामामागे एक दिवस अर्जित रजा मिळते आणि ती ४५ दिवसांपर्यंत साठवता येते. त्यामुळे आपल्या पगाराच्या पावतीवर दिसणारी सिक लीव्ह ही बहुधा कंपनीच्या धोरणातून आलेली असते आणि तिच्या अटीही धोरणच ठरवते; नैमित्तिक आणि अर्जित रजा मात्र कायद्याने दिलेली असते, आणि ‘नोटीस काळात सर्व रजा बंद’ अशा एका ओळीने ती पुसून टाकता येत नाही. सिक लीव्ह संपली असे सांगितले गेले, तर कॅज्युअल आणि त्यानंतर अर्जित रजा वापरण्याची लेखी मागणी करावी, ती याच कारणासाठी.

हा कायदा सर्वांना लागू नाही. मूळ कायदा किमान दहा कामगार असलेल्या आस्थापनांना लागू होता आणि २०२५ मध्ये ही संख्या वाढवून वीस करण्यात आली. तसेच व्यवस्थापकीय, पर्यवेक्षकीय किंवा गोपनीय स्वरूपाचे काम करणारे त्यातून वगळलेले आहेत. विक्रीच्या क्षेत्रात ‘मॅनेजर’ हे पद अगदी सढळ हाताने वाटले जाते. ज्याच्या हाताखाली एकही माणूस नाही, ज्याला कोणाची रजा मंजूर करण्याचा अधिकार नाही, त्याच्याही कार्डावर ‘सेल्स मॅनेजर’ असे छापलेले असते. न्यायालये पदाच्या नावापेक्षा प्रत्यक्ष कामाचे स्वरूप पाहतात, म्हणून केवळ कार्डावरील शब्दामुळे आपण कायद्याबाहेर आहोत असे मानून हक्क सोडून देऊ नये.

पगार दरमहा २१,००० रुपयांपर्यंत असेल, तर कर्मचारी राज्य विमा, म्हणजेच सर्वांच्या तोंडी असलेले ईएसआय, हा आणखी एक आधार असतो. पगाराच्या पावतीवर ०.७५ टक्के कपात दिसत असेल, तर आपण या योजनेत आहोत. आजारपणात सरासरी दैनिक वेतनाच्या ७० टक्के रक्कम वर्षाला जास्तीत जास्त ९१ दिवस मिळू शकते. म्हणजे सरासरी दैनिक वेतन ६०० रुपये असेल तर दिवसाला ४२० रुपये. त्यासाठी संबंधित सहा महिन्यांच्या अंशदान काळात किमान ७८ दिवसांचे अंशदान भरलेले असावे लागते, आणि आजारपणाच्या पहिल्या दोन दिवसांचा लाभ साधारणतः मिळत नाही. येथे खासगी डॉक्टरांच्या चिठ्ठीवर विसंबून चालत नाही. योजनेच्या दवाखान्यातून किंवा वागळे इस्टेट वा वाशी येथील कामगार विमा रुग्णालयातून प्रमाणपत्र घ्यावे लागते. त्याच दिवसांचा पगार कंपनीकडून आणि लाभ योजनेकडून असे दोन्ही घेता येत नाहीत, हेही ध्यानात ठेवावे.

एकाच दिवसाची दोनदा कपात

आता ज्या चुकीसाठी हा लेख प्रामुख्याने लिहावासा वाटला, तिच्याकडे वळतो. एका गृहप्रकल्पाच्या विक्री कार्यालयातील तरुण कर्मचाऱ्याचा अंतिम हिशेब माझ्याकडे तपासायला आला होता. त्याचा निश्चित पगार ३६,००० रुपये आणि नोटीस साठ दिवसांची. मधल्या काळात त्याला डेंग्यू झाला आणि तो नऊ दिवस कामावर येऊ शकला नाही. चार दिवस सिक लीव्ह शिल्लक होती, म्हणून उरलेले पाच दिवस बिनपगारी धरून १,२०० रुपयांच्या दराने ६,००० रुपये कापले होते. येथपर्यंत हिशेब समजण्यासारखा होता. परंतु त्याखालच्या ओळीत ‘नोटीस कालावधीतील तूट : नऊ दिवस’ असे लिहून आणखी १०,८०० रुपये वसूल केले होते. म्हणजे ज्या चार दिवसांचा पगार त्याला रजेपोटी दिला होता तो एका हाताने देऊन दुसऱ्या हाताने परत घेतला, आणि ज्या पाच दिवसांचा पगार मुळात दिलाच नव्हता त्याच दिवसांचा पगार त्याच्याकडून पुन्हा वसूल केला.

आम्ही नेमणूकपत्र मागवले. त्यात ‘साठ दिवसांची लेखी सूचना’ एवढेच शब्द होते. कामाच्या दिवसांचा किंवा रजेमुळे नोटीस वाढण्याचा उल्लेख कोठेही नव्हता. आजारपणाच्या रजेवर असलेला माणूस नोकरीतच असतो आणि नोटिशीचे दिवस पुढे सरकतच असतात; त्यामुळे तुटीची संपूर्ण ओळ काढून टाकावी लागली. पुढे असे दिसले, की त्या तिमाहीत जमा झालेली दोन दिवसांची नैमित्तिक रजा तशीच पडून होती आणि प्रणालीत राजीनाम्याच्या तारखेपासून ती ‘बंद’ अशी दाखवली गेली होती. ती लावल्यावर बिनपगारी दिवस पाचाऐवजी तीन राहिले. एकूण १६,८०० रुपयांची कपात ३,६०० रुपयांवर आली. हे सगळे त्या मुलाने घाबरत घाबरत पाठवलेल्या चार ओळींच्या ई-मेलमुळे झाले; तो गप्प राहिला असता तर आमच्याकडून हिशेब तसाच पुढे गेला असता, हे मला आजही टोचते.

नेमणूकपत्रात ‘प्रत्यक्ष कामाचे दिवस’ असे स्पष्ट लिहिलेले असेल, तर परिस्थिती वेगळी असते. अशा वेळी तूट नाही असा हट्ट धरण्यापेक्षा, बरे होताच ‘राहिलेले पाच दिवस मी काम करण्यास तयार आहे, त्याप्रमाणे शेवटची तारीख बदलावी’ असे लेखी कळवावे. कंपनीने जुन्याच तारखेला मोकळे करणे पसंत केले, तर त्या पाच दिवसांची वसुली करणे तिला अवघड जाते, कारण काम करण्याची तयारी आपण दाखवली होती आणि ती नाकारली गेली. वसुलीच्या रकमेवर कोणी जीएसटी लावला असेल, तर तोही नाकारावा. नोटीस न दिल्याबद्दल वसूल केलेल्या रकमेवर जीएसटी लागत नाही, असा खुलासा ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकात करण्यात आला आहे.

कमिशन ‘कमावले’ केव्हा आणि ‘देय’ केव्हा

कमिशनच्या बाबतीत दोन तारखा वेगळ्या कराव्या लागतात. पहिली, विक्रेत्याकडून अपेक्षित असलेले सर्व काम ज्या दिवशी पूर्ण झाले ती. दुसरी, योजनेप्रमाणे रक्कम ज्या दिवशी खात्यात यायची ती. या दोहोंमधले अंतर व्यवसायानुसार बदलते. फ्लॅटच्या विक्रीत टोकन, बुकिंग, कराराची नोंदणी आणि बँकेचा पहिला हप्ता असे टप्पे असतात. गृहप्रकल्पांचे नियमन करणाऱ्या रेरा कायद्यानुसार नोंदणीकृत करार केल्याशिवाय किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही, म्हणून बऱ्याच योजनांत कमिशन नोंदणीला बांधलेले असते. विम्यात ग्राहकाला पॉलिसी परत करण्यासाठी तीस दिवसांची मुदत असते आणि ती उलटेपर्यंत कमिशन थांबवले जाते. नोटीसही तीस दिवसांची असेल, तर त्या काळात विकलेली जवळपास प्रत्येक पॉलिसी आपण गेल्यानंतरच पक्की होते. वितरणात ग्राहकाकडून पैसे वसूल झाल्यावर कमिशन धरतात.

राजीनामा दिल्यानंतरच्या पहिल्याच आठवड्यात वरिष्ठांकडे एक निवेदन पाठवावे. त्यात नोंदवहीतील सर्व व्यवहार तीन गटांत मांडावेत : जे पूर्ण झाले पण ज्यांची रक्कम यायची आहे, जे एका टप्प्यावर अडले आहेत, आणि ज्यांची केवळ बोलणी सुरू आहेत. पहिल्या गटाची रक्कम मान्य असल्याचे उत्तर मागावे. दुसऱ्या गटासाठी, आपण गेल्यावर पुढचा टप्पा सहकाऱ्याने पूर्ण केला तर वाटणी कशी होईल, हे विचारावे. तिसऱ्या गटावर फारसा जीव लावू नये. केवळ चौकशी केलेल्या ग्राहकाच्या कमिशनसाठी लोक भांडतात आणि त्या भांडणात पहिल्या गटातील हक्काची रक्कम मागे पडते.

आजारपण आणि कमिशन यांची गाठ दुसऱ्या गटात पडते. ठरलेल्या शनिवारी ग्राहक करारासाठी येतो, त्या वेळी आपण घरी तापाने पडून असतो, सहकारी सही घेतो आणि प्रणालीत व्यवहार त्याच्या नावावर चढतो. असे घडू नये म्हणून आजारपणाच्या ई-मेलमध्येच त्या आठवड्यात पक्क्या होणाऱ्या व्यवहारांचे क्रमांक द्यावेत आणि ‘ही बुकिंग माझी असून या काळात फक्त सही घ्यायची आहे’ असे नमूद करावे. सहकाऱ्याशीही मोकळेपणाने बोलून घ्यावे. बहुतेक जण समजून घेतात. तसेच टार्गेटनुसार स्लॅब, म्हणजे कमिशनच्या दराचा टप्पा, बदलत असेल, तर मंजूर रजेच्या दिवसांच्या प्रमाणात टार्गेट कमी करण्याची तरतूद योजनेत आहे का, ते पाहावे. एका व्यवहाराच्या कमतरतेने खालच्या स्लॅबमध्ये ढकलले जाण्याचे नुकसान त्या नऊ दिवसांच्या पगाराहून कितीतरी मोठे असू शकते.

‘रक्कम अदा होण्याच्या दिवशी पटावर असणे आवश्यक’ ही अट स्पष्ट शब्दांत असेल आणि आपण ती सही करून स्वीकारली असेल, तर वाद कठीण होतो, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. तरीही अट संदिग्ध असेल, योजना वर्षाच्या मध्येच बदलली असेल, किंवा याआधी सोडून गेलेल्यांना कमिशन दिले गेले असेल, तर मागणीला बळ मिळते. संदिग्ध अटीचा अर्थ ती लिहिणाऱ्याच्या विरुद्ध लावावा, हे कराराच्या कायद्यातील जुने तत्त्व आहे. रद्द झालेल्या बुकिंगचे कमिशन परत घेण्याची अट असेल, तर ती किती महिन्यांपर्यंत लागू राहील हे आताच लेखी विचारून ठेवावे, नाहीतर दोन वर्षांनीही मागणी येऊ शकते.

वेतन संहिता काय म्हणते

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या असून त्यांपैकी वेतन संहिता, २०१९ येथे महत्त्वाची आहे. राजीनामा दिलेल्या कर्मचाऱ्याचे देय वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत द्यावे, असे ती सांगते. १९३६ च्या जुन्या कायद्यात ही मुदत मालकाने काढून टाकलेल्यांपुरती होती. आता स्वतःहून सोडणाऱ्यांनाही ती मिळाली आहे, आणि व्यवस्थापकीय काम करणारेही या संहितेतील ‘कर्मचारी’ या शब्दात येतात. ‘फुल अँड फायनल पंचेचाळीस दिवसांनी’ हे वाक्य त्यामुळे निश्चित पगारापुरते तरी मुकाट्याने ऐकून घेण्याचे कारण उरलेले नाही.

मात्र याच संहितेतील वेतनाच्या व्याख्येतून कमिशन वगळलेले आहे. त्याला एक महत्त्वाचा अपवाद जोडलेला आहे : कमिशन, घरभाडे भत्ता यांसारख्या वगळलेल्या रकमा एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून अधिक झाल्या, तर निम्म्यावरचा भाग वेतन समजला जातो. मूळ पगार २०,००० आणि कमिशन ३०,००० असेल, तर एकूण ५०,००० चे निम्मे म्हणजे २५,०००. कमिशनमधील वरचे ५,००० वेतनात धरले जातात आणि वेतन २५,००० ठरते. उरलेले कमिशन नाहीसे होत नाही. ते कराराप्रमाणे देणे लागतेच. फक्त त्यासाठी दोन दिवसांची मुदत पुढे न करता योजनेतील तारीख पुढे करावी लागते. कोणत्याही वेतन काळातील एकूण कपात वेतनाच्या निम्म्याहून अधिक नसावी, ही संहितेतील मर्यादाही शेवटच्या महिन्याची पावती तपासताना लक्षात ठेवावी.

कमिशन नोकरी सुटल्यानंतर आले, तरी ते पगाराचेच उत्पन्न असते आणि त्यावरचा टीडीएस पगाराप्रमाणेच कापला जायला हवा. काही ठिकाणी ते ‘ब्रोकरेज’ म्हणून देण्याचा प्रस्ताव येतो. तो स्वीकारू नये, कारण त्यामुळे कागदोपत्री आपण कर्मचारी नसून दलाल होतो आणि पुढचा हक्क लंगडा पडतो.

सही करण्याआधी

अंतिम हिशेबाच्या कागदावर ‘माझी कोणतीही रक्कम येणे बाकी नाही’ असे छापलेले वाक्य असते आणि त्याखाली सही केल्याशिवाय रिलीव्हिंग लेटर मिळणार नाही, असे सांगितले जाते. नवी नोकरी समोर असलेला माणूस येथे घाईने सही करतो. सही करावी लागली तरी तिच्या वर स्वतःच्या हाताने ‘एप्रिल ते जून तिमाहीच्या कमिशनचा हक्क राखून’ असे लिहावे, त्या पानाचा फोटो काढावा आणि त्याच दिवशी ई-मेलने तेच पुन्हा कळवावे. असे लिहू दिले नाही, तर तसे घडल्याचे त्या ई-मेलमध्ये नोंदवावे.

उत्तर आले नाही, तर पंधरा दिवसांची मुदत देऊन स्पीड पोस्टने मागणीपत्र पाठवावे आणि त्यानंतर कामगार आयुक्तालयाच्या स्थानिक कार्यालयाकडे जावे. येथे राहण्याचा नव्हे, तर कामाच्या जागेचा पत्ता पाहिला जातो. ऐरोली, महापे, तुर्भे, वाशी आणि बेलापूर ठाणे जिल्ह्यात आहेत; खारघर, कळंबोली आणि पनवेल रायगड जिल्ह्यात येतात, त्यामुळे ‘नवी मुंबई’ एवढ्यावर कार्यालय ठरवू नये. वेतनाचा दावा संहितेप्रमाणे तीन वर्षांच्या आत करता येतो. कराराच्या आधारे दिवाणी दाव्याची मुदतही सामान्यतः तीन वर्षांचीच आहे. नेमणूकपत्रात दुसऱ्याच शहरातील न्यायालयाचा उल्लेख असेल, तर दिवाणी दाव्यापूर्वी वकिलांना तो अवश्य दाखवावा. महिलांना, तसेच औद्योगिक कामगारांना, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो. ठाणे जिल्हा न्यायालयात या प्राधिकरणाचे कार्यालय आहे.

एक लहानशी पण नेहमी विसरली जाणारी गोष्ट राहिली. नव्या कंपनीने नवे पगार खाते उघडून दिल्यावर जुने खाते लगेच बंद करू नये. पगार येणे थांबले की ते साध्या बचत खात्यात बदलते आणि किमान शिलकीची अट लागू होऊ शकते, म्हणून तशी अट असल्यास त्यात तेवढी रक्कम ठेवावी. विक्रीच्या नोंदवहीत ज्या शेवटच्या बुकिंगसमोर कमिशन आल्याची खूण अजून झालेली नाही, त्याच्या अपेक्षित तारखेनंतर एक महिना उलटेपर्यंत ते खाते चालू ठेवावे आणि दर तिमाहीच्या दहा तारखेनंतर त्याचे पासबुक भरून घ्यावे.